मराठी प्रवासवर्णनातील विलंब : वेळापत्रक, प्रतीक्षा आणि दृष्टी

१. प्रस्तावना

प्रवासवर्णन हा मराठीतील एक समृद्ध आणि वाचकप्रिय वाङ्मयप्रकार आहे. त्याची समीक्षा मात्र बहुतांशी तीन निकषांभोवती फिरत राहिली. स्थळांविषयीची माहिती, निसर्गाचे व लोकजीवनाचे चित्रण आणि लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार हे ते तीन निकष होत. हे निकष चुकीचे नाहीत, परंतु ते अपुरे आहेत. प्रवास म्हणजे केवळ स्थळांतर नव्हे. तो काळाचाही अनुभव असतो. प्रवासी किती वेगाने गेला, कोठे थांबला, कोणामुळे थांबला आणि थांबल्यावर त्याने काय पाहिले, हे प्रश्न या वाङ्मयप्रकाराच्या गाभ्याशी निगडित आहेत. मराठी समीक्षेने त्यांचा विचार क्वचितच केला आहे.

प्रस्तुत लेखात युरोपातील रेल्वेप्रवास आणि त्यातील अनपेक्षित विलंब हा आरंभबिंदू मानून मराठी प्रवासलेखनातील प्रतीक्षेच्या चित्रणाची चिकित्सा केली आहे. युरोपातील वक्तशीर गाडीचे कौतुक हा मराठी प्रवासवर्णनाचा जवळजवळ स्थायी विषय आहे. या कौतुकामागे कोणती दृष्टी आहे, तिने कोणते अनुभव प्रवासवर्णनाच्या बाहेर ठेवले आणि ते आत आणल्यास या वाङ्मयप्रकाराची व्याख्या कशी बदलते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रवासात होणारा विलंब हा वरवर पाहता अपघात वाटला, तरी साहित्यकृतीत तो लेखकाच्या सामाजिक स्थानाचा निदर्शक ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे.

२. विलंबाची संकल्पना आणि वेळापत्रक

'विलंब' ही कल्पना मुळात वेळापत्रकाची अपत्य आहे. जेथे पोहोचण्याची वेळ आधी ठरलेली नाही, तेथे उशीर होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठी भाषेतील शब्दसंपदा या दृष्टीने बोलकी आहे. 'मुक्काम', 'पडाव', 'विसावा' हे शब्द थांबण्याला प्रवासाचाच एक भाग मानतात. पंढरीच्या वारीत मुक्काम आणि विसावे ठरलेले असतात. तेथे थांबणे म्हणजे वेळ वाया जाणे नव्हे. 'खोळंबा', 'रखडणे', 'ताटकळणे' या शब्दांत मात्र अडवले गेल्याची जाणीव आहे. 'दिरंगाई' या शब्दात तर कोणावर तरी ठपका आहे. 'गाडी लेट आहे' या आता पूर्ण मराठी झालेल्या वाक्यात माणूस नाहीसा होतो आणि फक्त यंत्र व घड्याळ उरते.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. त्यानंतर चारच वर्षांनी पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक आपल्या चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्याकडून होणाऱ्या यज्ञात दक्षिणा मिळावी आणि कुटुंबाचे कर्ज फिटावे, हा त्यांचा उद्देश होता. वाटेत १८५७ चा उठाव आडवा आला. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळालेले द्रव्य लुटले गेले आणि प्रवास वर्षानुवर्षे लांबला. तथापि, या ग्रंथात आधुनिक अर्थाने 'विलंबा'ची तक्रार आढळत नाही. अडथळा हा दैवाचा वा काळाचा भाग म्हणून येतो आणि जेथे थांबावे लागले तेथील जीवन लेखक बारकाईने पाहतो. चिंतामण विनायक वैद्य यांनी हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. आज तो इतिहासाचे साधन म्हणून मोलाचा मानला जातो, तो त्यातील लांबलेल्या मुक्कामांमुळेच. गोडसे ठरल्याप्रमाणे जाऊन परतले असते, तर 'माझा प्रवास' लिहिला गेला नसता.

रेल्वेने हा काळानुभव पालटला. व्होल्फगांग शिवेलबुश या जर्मन अभ्यासकाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रेल्वेप्रवासाने माणसाची अवकाश व काळ यांची जाणीव कशी घडवली, याचे विवेचन केले आहे. डब्याच्या खिडकीतून दिसणारे दृश्य सलग सरकणाऱ्या चित्रपटासारखे होते आणि प्रवासी त्या भूमीपासून विलग होतो, हे त्याचे निरीक्षण मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासकालाही उपयुक्त आहे. रेल्वेने गावोगावचे स्थानिक वेळही मोडीत काढले. हिंदुस्थानातील रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेनुसार धावत आणि मुंबईचे शहर आपल्या स्थानिक वेळेनुसार चाले. दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत जपली. घड्याळ कोणाचे खरे मानावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून तो सत्तेचाही होता, हे यावरून ध्यानात येते.

३. युरोपची गाडी आणि मराठी प्रवासी

मराठीतील परदेशप्रवासाच्या लेखनाचा प्रारंभ केवळ कौतुकातून झालेला नाही. पंडिता रमाबाई यांचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ मधील, तर अमेरिकेच्या लोकस्थितीविषयीचा त्यांचा ग्रंथ १८८९ मधील आहे. दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि भावासह पायी देश पालथा घातलेल्या या स्त्रीला प्रवास म्हणजे काय हे परदेशी जाण्यापूर्वीच उमगलेले होते. त्यामुळे अमेरिकेकडे पाहताना त्यांची नजर शासनव्यवस्था, शिक्षण, धर्मादाय संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांवर स्थिरावते. पायी चाललेल्या प्रवाशाला आगगाडीचे अप्रूप वाटते, पण त्याची नजर त्या अप्रूपात अडकून पडत नाही, असे त्यांच्या लेखनावरून म्हणता येते.

विसाव्या शतकात या लेखनाला वेगळे वळण मिळाले. अनंत काणेकर यांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनच्या धुक्यापासून मॉस्कोच्या लाल ताऱ्यापर्यंतची वाटचाल शीर्षकातच सुचवणाऱ्या या पुस्तकाने मराठी प्रवासवर्णनाला माहितीच्या जडत्वातून मुक्त केले आणि लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाला केंद्रस्थानी आणले, हे समीक्षकांचे मत सर्वमान्य आहे. गंगाधर गाडगीळ यांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) यांनी ही वाट रुंद केली. गाडगीळांची विश्लेषक वृत्ती आणि पु. लं.ची स्वतःवरच रोखलेली विनोदी नजर यांमुळे हा वाङ्मयप्रकार मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला.

या परंपरेचे मोल मान्य करूनही एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. या परंपरेने घडवलेल्या वाचकाच्या मनात युरोपातील रेल्वे ही शिस्तीची प्रतिमा म्हणून रुजली. तेथील गाडी मिनिटाला सुटते आणि आपली तासाने येते, ही तुलना पुढे असंख्य प्रवासलेखांनी, दिवाळी अंकांतील वर्णनांनी आणि व्याख्यानांनी वापरून गुळगुळीत केली. तुलनेतून प्रवाशाचा उत्साह व्यक्त होतो, पण त्याच वेळी विलंब हे आपल्याच समाजाचे व्यंग ठरून जाते. मग युरोपात गाडी खोळंबली तर ती गंमत वा अपवाद ठरते आणि येथे खोळंबली तर स्वभावदोष ठरतो.

वस्तुस्थिती या प्रतिमेला पुरती साथ देत नाही. युरोपच्या लांब पल्ल्याच्या रेल्वेप्रवासात विलंब प्रारंभापासूनच आहे. पॅरिसहून पूर्वेकडे जाणारी ओरिएंट एक्सप्रेस १८८३ मध्ये सुरू झाली. १९२९ च्या हिवाळ्यात ती तुर्कस्तानातील चेर्केझकोय या गावाजवळ हिमवादळात सापडून अनेक दिवस अडकून पडली. अगदी अलीकडचे उदाहरण जर्मनीचे आहे. तेथील राष्ट्रीय रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये केवळ ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि तेथे सहा मिनिटांच्या आत पोहोचलेली गाडी वेळेवरच धरली जाते. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये हा निकष तीन मिनिटांचा असून तेथील प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. उशिरा येणाऱ्या जर्मन गाड्या स्विस रेल्वेला आपले वेळापत्रक वाचवण्यासाठी सीमेवरील बाझेल येथेच थांबवाव्या लागतात. म्हणजे 'युरोपची गाडी' अशी एकसंध वस्तूच नाही. मराठी प्रवासवर्णनातील ती गाडी बव्हंशी स्मरणातील आणि इच्छेतील गाडी आहे.

युरोपचे वेगळेपण शोधायचेच असेल तर ते अन्यत्र आहे. २००७ मध्ये संमत होऊन डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार गाडीस एक तासाहून अधिक उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास ५० टक्के रक्कम भरपाई म्हणून मागण्याचा हक्क प्रवाशाला मिळाला. पुढे हे नियम सुधारले गेले आणि नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांसाठी त्यांत अपवाद आले. तरीही विलंब हा नशिबाचा भाग नसून त्याचा हिशेब मागता येतो, ही भूमिका कायम राहिली. प्रवासवर्णनकाराने कौतुक करावे ते मिनिटकाट्याचे नव्हे, तर या हिशेबाचे. ते मराठी लेखनात अभावानेच आढळते.

४. रूळ बदलणे : ब्रेस्त आणि कुर्डुवाडी

विलंबाचे एक कारण मानवी चूक वा निसर्ग यांपलीकडचे असते. ते व्यवस्थेच्या रचनेतच दडलेले असते. पश्चिम व मध्य युरोपातील बहुतेक रेल्वेमार्गांची रुंदी १४३५ मिलिमीटर आहे, तर पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांत ती १५२० मिलिमीटर आहे. त्यामुळे वॉर्सा वा बर्लिनहून मॉस्कोकडे जाणाऱ्या गाड्यांचे डबे बेलारूसच्या सीमेवरील ब्रेस्त येथे उचलून त्यांखालची चाके बदलावी लागत. प्रवासी डब्यातच बसून राहत आणि गाडी तासन् तास थांबे. हा थांबा वेळापत्रकात नोंदलेला असल्याने त्याला विलंब म्हणता येत नसे. पण दोन व्यवस्थांच्या सांध्यावर माणूस थांबतो, हे तेथे डोळ्यांना दिसे.

हा अनुभव मराठवाड्याच्या वाचकाला परका नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या पुढाकाराने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिच्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर होती आणि मुंबई-मद्रास मुख्य मार्गाची १६७६ मिलिमीटर. दोहोंचा सांधा कुर्डुवाडीस होता. लातूरपर्यंत हा छोटा मार्ग १९११ मध्ये पोहोचला. मराठवाड्याच्या या भागातून मुंबईस जाणाऱ्या कापसाच्या गाठीला, विद्यार्थ्याला, वारकऱ्याला आणि मजुराला कुर्डुवाडीस उतरून गाडी बदलावी लागे. १९५४ मध्ये ही खाजगी रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. लातूर ते कुर्डुवाडी या मार्गाचे रुंदीकरण मात्र २००७-०८ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वेळी मार्ग वळवून उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, शहर रेल्वेच्या नकाशावर आले. वाशीला आजही रेल्वे नाही. येथील विद्यार्थ्याला गाडी धरायची तर येडशी, बार्शी किंवा धाराशिव गाठावे लागते आणि तेथवरचा प्रवास एस.टी.च्या वेळेवर अवलंबून असतो.

हा तपशील स्थानिक अभिमानापोटी दिलेला नाही. प्रवासवर्णन शिकवताना वर्गातील विद्यार्थी कोणत्या अनुभवातून ते वाचतो, हा अध्यापनाचा मूलभूत प्रश्न आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनी कुर्डुवाडीच्या फलाटावर रात्र काढली, त्यांना ब्रेस्तचा थांबा समजावून सांगावा लागत नाही. तो त्यांना आधीच ठाऊक असतो. पाठ्यपुस्तकातील प्रवासवर्णन मात्र त्यांच्या या ज्ञानाची दखल घेत नाही. ते त्यांना फक्त पाहुणे म्हणून युरोपात नेते.

५. अडकलेली गाडी, उभी राहिलेली एस.टी.

विलंबाचा कलात्मक उपयोग कसा होतो, हे दोन अगदी भिन्न कृतींच्या तुलनेतून स्पष्ट होते. अगाथा ख्रिस्ती यांची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' ही कादंबरी १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९२९ ची हिमवादळाची घटना आणि १९३१ च्या डिसेंबरमध्ये पुरामुळे याच मार्गावर लेखिकेला स्वतः सोसावा लागलेला विलंब ही या कादंबरीची पार्श्वभूमी मानली जाते. गाडी बर्फात रुतते आणि निरनिराळ्या देशांचे, वर्गांचे प्रवासी एका बंद जगात कोंडले जातात. गती थांबल्यानेच त्यांच्यातील गुप्त नाते उघड होते. वेगात असताना जे सहप्रवासी असतात, ते थांबल्यावर समाज बनतात.

मराठीत याला समांतर कृती रेल्वेची नाही, एस.टी.ची आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' या कृतीत कोकणातील रस्त्यावर एस.टी.समोर म्हैस येते आणि गाडी थांबते. येथेही निरनिराळ्या स्तरांतील माणसे एकत्र अडकतात. ख्रिस्तींच्या गाडीत बुद्धिमान गुप्तहेर सत्य शोधून काढतो. पु. लं.च्या एस.टी.भोवती मात्र चौकशीचे, अधिकाराचे आणि सल्ल्याचे पेव फुटते आणि सत्य कोणालाच नको असते. विलंबातून येथे एक छोटा महाराष्ट्र उभा राहतो, त्याच्या बोलींसह, त्याच्या भित्रेपणासह आणि त्याच्या आपुलकीसह.

लक्षणीय बाब अशी की, 'म्हैस' ही कृती विनोदी कथन म्हणून वाचली आणि ऐकली जाते, प्रवासवर्णन म्हणून नव्हे. वस्तुतः प्रवासाचा काळानुभव ज्या ताकदीने तिच्यात येतो, तो अनेक नामवंत प्रवासवर्णनांत येत नाही. 'अपूर्वाई' आणि 'म्हैस' यांचा लेखक एकच असताना एकीला प्रवासवर्णन म्हणावे आणि दुसरीला म्हणू नये, यामागे परदेश म्हणजे प्रवास आणि देशातील एस.टी. म्हणजे केवळ ये-जा, ही धारणा आहे. ही धारणा तपासून पाहणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

तथापि, 'म्हैस'मधील विलंबालाही एक सुरक्षित चौकट आहे. त्यातील प्रवाशांना उशीर होतो, पण गाडीत बसण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारत नाही. सर्वजण एकाच कारणाने थांबलेले आहेत. म्हणूनच त्या थांबण्याला हसता येते. ज्या प्रवाशाला एकट्यालाच थांबवले जाते, त्याचा विलंब या चौकटीत बसत नाही.

६. गाडी वेळेवर, प्रवासी खोळंबलेला

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथनपर लेखन येथे निर्णायक ठरते. १९३० च्या दशकातील हे इंग्रजी लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच प्रतीक्षा आहे. त्यातील बहुतेक प्रसंग प्रवासातले आहेत आणि त्यांपैकी तीन रेल्वेस्थानकाशी निगडित आहेत.

पहिला प्रसंग १९०१ मधला आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. मुलांच्या येण्याची वार्ता वडिलांपर्यंत पोहोचलेली नसते, म्हणून न्यायला कोणी आलेले नसते. येथवरचा विलंब कोणत्याही प्रवाशाच्या वाट्याला येण्यासारखा आहे. नीटनेटक्या कपड्यांतील मुलांकडे स्टेशनमास्तर प्रथम आस्थेने पाहतो. जात कळताच तो मागे सरतो आणि तेथून विलंबाचे स्वरूप बदलते. स्थानकाबाहेर बैलगाड्या आहेत, भाडे द्यायला पैसे आहेत, पण गाडीवान तयार नाही. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर मुले निघतात, आणि पुढची रात्र पाण्यावाचून काढतात.

दुसरा प्रसंग बडोद्याचा आहे. अमेरिका व इंग्लंड येथील शिक्षणानंतर परतलेला हा तरुण नोकरीसाठी बडोद्यास येतो. परदेशातील वर्षांनी अस्पृश्यतेची जाणीव मनातून पुसली गेली होती आणि स्थानकावर उतरताच राहायचे कोठे या प्रश्नाने ती पुन्हा जागी झाली, असे लेखक नमूद करतो. पारशी पथिकाश्रमातून लाठीधारी जमावाने बाहेर काढल्यावर मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्याला सार्वजनिक बागेत कित्येक तास बसावे लागते. तिसरा प्रसंग १९२९ मधील चाळीसगावचा. स्वागतास आलेले लोक पाहुण्याला स्थानकावर थांबवून ठेवतात. कारण नंतर कळते. टांगेवाल्याने या प्रवाशाला नेण्यास नकार दिलेला असतो आणि पाहुण्याने पायी जावे हे त्यांच्या मनाला पटत नसते. टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाच्या हाती लगाम जातो आणि अपघात होतो.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. गाडीने दगा दिलेला नाही. लेखकाचा रोष वेळापत्रकावर नाही. प्रवाशाचा खोळंबा स्थानकाच्या दाराबाहेर, समाजाच्या हातून होतो. मसूर ते गोरेगाव आणि चाळीसगाव स्थानक ते महारवाडा ही अंतरे युरोपच्या मानाने नगण्य आहेत. पण मराठी माणसाने केलेल्या प्रवासांत याहून लांब प्रवास शोधणे कठीण आहे. युरोप पाहून आलेल्या या प्रवाशाची सर्वांत दीर्घ प्रतीक्षा युरोपात नव्हे, बडोद्याच्या बागेत झाली. युरोप-प्रवासाचा खरा अर्थ परतल्यानंतरच्या त्या तासांत उलगडतो. परदेश पाहून आलेल्या माणसाची नजर विशाल होते, असे मराठी प्रवासवर्णन सांगत आले. त्या विशाल नजरेला मायदेशी कोणता अनुभव येतो, हे सांगणारे हे लेखन त्या परंपरेची अटळ पुरवणी आहे.

पुढील पिढीत शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) प्रतीक्षास्थळाचा अर्थ आणखी पालटतो. हन्नूरच्या एस.टी. स्टँडवर हमाली करणाऱ्या दादाच्या कुटुंबासाठी ते स्थानक घर बनते. इतरांसाठी जे येण्याजाण्याच्या मधले ठिकाण, ते येथे मुक्कामाचे ठिकाण आहे. प्रवासी येतात आणि जातात, स्थानकात राहणारा मात्र कोठेच जात नाही. गाडीच्या उशिराने प्रवाशाची जी चिडचिड होते, तिच्याकडे या स्थानकातून पाहिले की तीही एक सुबत्ता वाटू लागते.

७. आक्षेपांचा विचार

या मांडणीवर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मूळ इंग्रजी आहे आणि 'अक्करमाशी' आत्मकथन आहे, तेव्हा त्यांची गणना मराठी प्रवासवर्णनात करणे प्रकारभेदाची गल्लत ठरेल. यावर असे म्हणता येईल की, 'माझा प्रवास' हा ग्रंथही इतिहास, आत्मवृत्त आणि प्रवासवर्णन या तिन्हींच्या सीमेवर उभा आहे आणि त्याला प्रवासवर्णनाच्या इतिहासात मानाचे स्थान देताना कोणाला अडचण वाटली नाही. येथे मुद्दा नव्या वर्गवारीचा नसून एकत्र वाचनाचा आहे. भाषेचा आक्षेप अधिक रास्त आहे. तथापि, या लेखनातील भूगोल महाराष्ट्राचा व परिसराचा आहे आणि मराठी अनुवादांतून ते वाचकांपर्यंत पोहोचलेले आहे.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक कृतीत सामाजिक स्थान शोधल्याने काणेकर, गाडगीळ, पु. ल. यांच्या वाङ्मयीन गुणांवर अन्याय होईल. हा धोका खरा आहे. प्रसन्न शैलीने, सूक्ष्म निरीक्षणाने आणि मोकळ्या विनोदाने या लेखकांनी मराठी गद्याला जे दिले, त्याचे मोल कमी होत नाही. त्यांनी दुसऱ्याचा अनुभव का लिहिला नाही, असे विचारणेही गैर आहे. प्रश्न त्यांच्या लेखनाचा कमी आणि त्यावरून निकष बेतणाऱ्या समीक्षेचा अधिक आहे. एका वर्गाच्या प्रवासाला समीक्षेने प्रवासाचे सर्वसाधारण रूप मानले आणि इतरांच्या प्रवासाला दुसरी नावे दिली. दोष असलाच तर तेथे आहे.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) विलंब ही वेळापत्रकासोबत आलेली आधुनिक संकल्पना आहे. रेल्वेपूर्व मानसिकतेतून आलेल्या गोडसे यांच्या लेखनात थांबणे हा प्रवासाचाच भाग होता आणि त्यातूनच त्या ग्रंथाची थोरवी निर्माण झाली.

२) युरोपच्या वक्तशीर गाडीची मराठी प्रतिमा ही निरीक्षणापेक्षा तुलनेच्या इच्छेतून घडली. युरोपातही विलंब आहे. तेथील उल्लेखनीय गोष्ट म्हणजे विलंबाचा हिशेब मागण्याचा प्रवाशाला मिळालेला हक्क होय.

३) 'म्हैस'सारख्या कृतीत विलंब समाजाला एकत्र आणतो, तर आंबेडकरांच्या लेखनात समाजच विलंबाचे कारण बनतो. ही दोन टोके एकत्र वाचल्याखेरीज मराठी प्रवासलेखनाचे चित्र पूर्ण होत नाही.

४) प्रवासवर्णनाच्या अध्यापनात स्थळ, निसर्ग व व्यक्तिमत्त्व या निकषांना काळानुभवाची, म्हणजे कोण कोणासाठी आणि किती थांबला या प्रश्नाची जोड देणे आवश्यक आहे.

पदवीच्या वर्गात 'अपूर्वाई'तील एखाद्या प्रकरणासोबत मसूर स्थानकाचा प्रसंग शिकवला गेला, तर विद्यार्थ्याला दोन्ही अधिक नीट कळतील. पु. लं.चा मोकळेपणा किती दुर्मीळ भाग्यातून आला हे त्याला उमगेल आणि मसूरच्या फलाटावरील मुलांना कोणती गोष्ट नाकारली गेली, तेही उमगेल. वाशीच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे प्रवासाचा अनुभव नाही, असे आजवर गृहीत धरले गेले. प्रतीक्षेचा अनुभव त्याच्याजवळ मुबलक आहे. त्या अनुभवाला वाचनाचे साधन मानण्याची तयारी अध्यापकाने दाखवली, तर मराठी प्रवासवर्णनाची वाट त्याच्याही गावावरून जाते, हे त्याला दिसू शकेल.